ई-टाइपच्या मागच्या सस्पेन्शनचं ‘संपूर्ण’ किट: निम्मं काम उत्तम, निम्मं गायब

जॅग्वार ई-टाइप या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये डिफरन्शिअल (इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणारा गिअरांचा संच), मागचं सस्पेन्शन आणि इनबोर्ड (चाकांजवळ नव्हे, आत डिफरन्शिअलला लागून असलेले) डिस्क ब्रेक एकाच पोलादी केजमध्ये बसतात. एवढा जड केज खाली उतरवायचा तर सगळं एकदमच व्हावं, म्हणून लोक ‘संपूर्ण’ लिहिलेलं सुट्या भागांचं किट घेतात. या किटवर तेवढा भरवसा ठेवू नका.

लोअर विशबोनचा (चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मचा) माल चांगला आहे. आतल्या टोकाची नीडल बेअरिंग, थ्रस्ट वॉशर, सील सगळं मापात बसतं. बाहेरच्या टोकाच्या टेपर बेअरिंगसाठी शिम (जुळवणीच्या पातळ चकत्या) मात्र एकाच जाडीचे दिलेत, त्यामुळे निरनिराळ्या जाडीचे वेगळे मागवावे लागतील.

खरी उणीव डिफरन्शिअलपाशी. आउटपुट शाफ्टचे (डिफरन्शिअलमधून बाहेर येणाऱ्या दांड्यांचे) ऑइल सील किटमध्ये नाहीतच, आणि ही गाडी सगळ्यात आधी गळते ती तिथेच. ब्रेक डिस्क सीलला खेटून असते. तिच्या उष्णतेने सीलची कड कडक होते आणि ऑइल थेट डिस्कवर व पॅडवर येतं. डिस्कची आतली बाजू ओली दिसली की समजून जा. सीलसोबत कोलॅप्सिबल स्पेसरही (नट आवळताना चेपणारी नळी) नवाच घ्या, तो एकदाच दबतो. नट थोडा थोडा आवळत प्रत्येक वेळी प्रीलोड (बेअरिंगवरचा आगाऊ दाब) मोजायचा. मर्यादा ओलांडली तर नट सैल करून भागत नाही, पुन्हा नवा स्पेसर.

रेडियस आर्मचे (सस्पेन्शन पुढे बॉडीला जोडणाऱ्या दांड्यांचे) बुश पॉलीयुरेथेनचे आहेत. ट्रॅकवर ठीक, रस्त्यावर खडखड थेट केबिनमध्ये येते. त्यापेक्षा रबरी बरे. बसवताना रबरातल्या पोकळ्या आर्मच्या लांबीच्या दिशेतच हव्यात. आडवे बसवलेले बुश अनेक गाड्यांत सापडतात.

जोडणी करताना हबचा एंड फ्लोट (आतबाहेर हलण्याची मोकळीक) ०.०५ ते ०.१५ मिमी ठेवा. कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) पाऊण अंश निगेटिव्ह, म्हणजे चाकाची वरची बाजू आत, पाव अंश इकडेतिकडे चालतो. कॅम्बर हाफशाफ्ट (चाकाकडे जाणारा दांडा) आणि डिस्कमधल्या शिमनी जुळवतात, ०.५ मिमीच्या एका शिमने साधारण पाव अंश फरक पडतो. हे शिमही किटमध्ये नाहीत. ब्रेक कॅलिपरच्या बोल्टना लॉकवायर (बोल्ट सैल होऊ न देणारी तार) लागते, तीही वेगळी घ्या.

डिफरन्शिअल पॉवर-लॉक (एकच चाक नुसतं घसरून फिरू न देणारा लिमिटेड-स्लिप प्रकार) असेल तर लिमिटेड-स्लिपचंच ऑइल भरा, नाहीतर वळणावर त्याच्या आतल्या क्लच प्लेटा थरथरतात. लोक मग त्याचा दोष नव्या बेअरिंगला देतात.