ट्रायजेमिनल न्यूराल्जिया: सुईवर भागवावं की मोठी शस्त्रक्रिया करून घ्यावी?

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणजे चेहऱ्याच्या नसेतून विजेच्या झटक्यासारखी कळ उठण्याचा आजार. त्यात गोळ्यांवर भागेनासं झालंय, डॉक्टरांनी दोन-तीन पर्याय पुढे ठेवलेत आणि आता ठरवायचंय, अशांसाठी लिहितोय. मी दोन्ही करून घेतलंय. आधी सुईची आरएफ (रेडिओफ्रीक्वेन्सी, म्हणजे नस उष्णतेने जाळणं), साडेतीन वर्षांनी कानामागून एमव्हीडी (मायक्रोव्हॅस्क्युलर डीकॉम्प्रेशन, म्हणजे कवटी उघडून नसेवरचा दाब काढणं).

आरएफचं मला सुरुवातीला फार कौतुक होतं. गालातून सुई घालून नसेच्या गाठीला उष्णता दिली, दुसऱ्या दिवशी घरी. कळ त्याच संध्याकाळी गेली. टेग्रेटॉल, म्हणजे या कळेवरची माझी गोळी, हळूहळू कमी करत बंद झाली.

मागे राहिला तो बधिरपणा. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, पण कळ थांबत असेल तर बधिरपणाचं काय एवढं, असं तेव्हा मलाही वाटलं. दात काढताना इंजेक्शन देतात ना, तसा अर्धा ओठ आणि हनुवटी. फक्त ते उतरतच नाही. भाकरीचा घास गाल आणि हिरडीच्या मध्ये अडकून बसायचा आणि जिभेने चाचपल्याशिवाय पत्ता लागायचा नाही. चहाचा ओघळ शर्टावर आला की बायको काही न बोलता रुमाल पुढे करायची. लग्नाच्या पंगतीला बसणं मी सोडूनच दिलं.

आणि एवढं सोसून चौथ्या वर्षी कळ परत आली. आरएफ पुन्हा करता येते, हा तिचा खरा गुण. पण पुन्हा केली की बधिरपणा वाढू शकतो. क्वचित बधिर भागातच कायमची आग सुरू होते, नसेच्या डोळ्याकडे जाणाऱ्या फांदीला धक्का लागला तर बुबुळाची संवेदना जाते. माझं मन तिथेच फिरलं.

तिसरा पर्याय गॅमा नाइफ, म्हणजे नसेवर बाहेरून किरणांचा मारा. त्यात कापाकापी नाही, पण आराम पडायला आठवडे, कधी महिने लागतात. मला त्या दिवसांत पाण्याचा घोटही जात नव्हता.

एमव्हीडीत नस जाळत नाहीत. तिला घासणारी रक्तवाहिनी बाजूला करून मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. ही शस्त्रक्रिया रूढ करणारे अमेरिकी सर्जन पीटर जॅनेटा यांच्या पिट्सबर्गच्या चमूने १९९६ साली १,१८५ रुग्णांचा आढावा छापला. १० वर्षांनी सुमारे ७० टक्के लोक गोळ्यांशिवाय वेदनामुक्त होते, त्यांतल्या काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागली होती. त्या बाजूच्या कानाचं ऐकणं गेलेले सुमारे १ टक्का, मृत्यू दोन. हे दोन आकडे घरच्यांसमोर वाचून दाखवा, लपवू नका. मला आठवडाभर उलट्या, चक्कर आणि डोकेदुखी होती, पुढचे तीन आठवडे भिंत धरून चालत होतो.

एमआरआयमध्ये रक्तवाहिनी नसेला टेकलेली दिसत असेल, दुखणं झटक्यांचंच असेल आणि भूल सोसण्याइतकी प्रकृती असेल, तर मी तरी एमव्हीडीकडे झुकेन. सर्जनने अशा किती केल्यात, हे मात्र स्पष्ट विचारा. ऐंशीच्या घरातल्या, हृदय नाजूक असलेल्या माणसाला मी सुईच सुचवेन. मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणाचा आजार) असेल तर हिशेबच वेगळा.

माझ्या एमव्हीडीला सहा वर्षं झाली, कळ नाही, गोळी नाही. हनुवटीचा रुपयाएवढा तुकडा अजून बधिर आहे, तो आरएफचा. दाढी करताना तिथे कापलं, तर आरशात रक्त दिसल्यावरच कळतं.