डांबरातलं जंगल: ला ब्रेया टार पिट्स, लॉस एंजेलिस

वनखात्यात 31 वर्षं काढलेल्या माणसाला लेकीने मॉल दाखवून काय उपयोग? म्हणून यंदा हट्टाने इथे आलो. सोबत सात वर्षांची नात.

विल्शर बुलेव्हार्डवर भर शहरात हे डांबराचं तळं. मे महिन्यात आमच्याकडे रस्त्याचं काम निघालं की जो वास येतो, तोच इथे. पाण्यातून मिथेनचे बुडबुडे येतात. चिखलात रुतलेल्या मॅमथचा पुतळा पाहून नात रडवेली झाली.

आत संग्रहालयात एका भिंतीवर डायर वुल्फ या हिमयुगातल्या, आता नामशेष झालेल्या लांडग्याच्या 400 हून जास्त कवट्या मांडल्यात. एक जनावर डांबरात अडकलं की त्याला खायला कळप येणार आणि तोही अडकणार, असा हिशेब. गर्दी सगळी तिथे आणि तलवारीसारख्या सुळ्यांच्या, मांजरकुळातल्या स्मायलोडॉनपाशी.

मी रेंगाळलो काचेच्या प्रयोगशाळेपाशी. आतली बाई सूक्ष्मदर्शकाखाली माती निवडत होती, अगदी तांदूळ निवडावेत तशी. बिया, किड्यांचे पंख, गोगलगायी. माझ्या मते खरा खजिना हाच. इथे तेव्हा दोन जातींचं जूनिपर, म्हणजे एक सूचिपर्णी झाड, वाढायचं, हे अशा बारीकसारीक अवशेषांवरूनच कळलं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाडांची वयं आणि जवळच्या सरोवराच्या गाळातला कोळसा जुळवून पाहिला होता. हवा तापली, कोरडी झाली, त्यात माणूस आला, वणवे वाढले. सुमारे 13,000 वर्षांपूर्वी मोठी जनावरं संपली, जूनिपर-ओकच्या रानाची जागा झुडपांनी घेतली. कोल्ह्यासारखी दिसणारी कोयोटी मात्र टिकली.

नोकरीत रोपवाटिकेत जे असेल ते मी लावत आलो. या डोंगरावर पूर्वी काय होतं, गरम काळात काय तगलं, हे कधी विचारलंच नाही. आमच्या चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्यांची कवचं निघालीत. तेव्हाचं खानदेश कसं असेल, हे पहिल्यांदा इथे उभं राहून मनात आलं.

लहान मुलं असतील तर दोन तास पुरतात, माझ्यासारख्याला दिवस कमी. जाडजूड जुने बूट घाला. बागेतल्या हिरवळीतही डांबर झिरपतं, तिथे खुणेचे शंकू ठेवलेले असतात. मी वर झाडं बघत चाललो, चूक माझीच. खोबरेल तेलाने निघतं.