बाळाच्या डोक्याचा थ्रीडी स्कॅन केला, त्याबद्दल

लेक साडेचार महिन्यांची होती. न्हाऊ घालताना हाताला लागलं, डोकं मागून उजवीकडे चपटं आहे. वरून पाहिलं तर उजवा कानही जरा पुढे सरकलेला. ‘होईल आपोआप गोल’ असं घरात सगळेच म्हणत होते, मला मात्र झोप लागेना. डॉक्टरांनी टाळू आणि कवटीचे सांधे चाचपले. मान सतत उजवीकडेच वळवून निजल्यानं असं झालंय, म्हणाले. सीटी स्कॅनची गरज नाही, नुसता बाहेरून थ्रीडी स्कॅन करून घ्या.

स्कॅन खरंच सोपा आहे. केस दबावेत म्हणून पातळ, घट्ट टोपी घालतात, बाळाला मांडीवर धरायचं, आणि चहूबाजूंचे कॅमेरे एकदमच फोटो घेतात. गुंगीचं औषध नाही, क्ष-किरण नाहीत. पहिल्या वेळी तिनं टोपी ओढली आणि मागे चुणी पडली. पडद्यावर तिथे चक्क उंचवटा दिसला. तंत्रज्ञ ताईंनी न कुरकुरता पुन्हा घेतला.

मग डोकं वरून दाखवलं. कपाळाच्या एका बाजूपासून मागच्या विरुद्ध बाजूपर्यंत अशा दोन तिरक्या रेषा, एक दुसरीपेक्षा ११ मिलिमीटर लांब. दर महिन्याला आम्ही टेपनं घेर मोजत होतो, तो अगदी व्यवस्थित भरायचा. डोकं तिरकं झालंय हे टेप सांगणार कसं?

एका गोष्टीचा मात्र राग आला. कवटीचे सांधे अकाली जुळलेत का, हेही यात कळेल, असं काउंटरवर एका बाबांना सांगितलं जात होतं. हे चूक आहे. हा स्कॅन फक्त वरचा आकार पाहतो, हाड नाही. डॉक्टरांना तशी शंका असेल तर सांधे सीटीच्या थ्रीडी चित्रात नीट दिसतात, आणि तिथे बाळाला किरणोत्सर्ग होतो म्हणूनच तो उगाच करत नाहीत.

रिपोर्टमध्येही नुसते आकडे होते. चित्रं आणि मूळ फाइल मी मागून घेतली, आणि तीच पुढे कामी आली. तीन महिने मानेचे व्यायाम केले, जागी असताना पालथं ठेवलं, आणि दुसरा स्कॅन पहिल्यावर बसवून पाहिला. फरक ६ मिलिमीटरवर आलाय. डोक्याला आकार देणारं हेल्मेट नको, असं डॉक्टर म्हणाले. निजवतो अजूनही उताणीच, फक्त खुळखुळा आता डावीकडे टांगलाय.