फुगा की काप? आवळलेल्या पाउचवर दोन्ही करून पाहिलेल्याचं मत

जोड आवळलाय असं डॉक्टरांनी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: बलूनने ताणायचा की सुरीने कापायचा? दोन्ही दुर्बिणीतूनच होतं, पोट उघडावं लागत नाही. पाउच म्हणजे मोठं आतडं काढल्यावर लहान आतड्याच्या टोकाची केलेली पिशवी. ती खाली गुदद्वाराला जिथे शिवतात, तो जोड.

एक मात्र आधी सांगतो. सारखं जावं लागतंय म्हणजे पाउचायटिसच, म्हणजे पाउचला सूज, असं धरून मी सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचे दोन कोर्स वाया घालवले. माझ्या बाबतीत दुखणं वेगळं होतं: घाई होती, पण सुटका नव्हती. नळाखाली बादली लावून बसायचो. ती भरून वाहायला लागायची आणि इकडे काम अर्धंच. आमच्या परभणीच्या गल्लीत पाण्याची वाट बघून भांडी भरतात, तिथे बादली वाहू देणं म्हणजे पाप.

बलून करायला सोपा. माझा जोड अगदी खाली, गुदद्वारापाशी. तो 18 मिलिमीटरपर्यंत ताणला आणि संध्याकाळी मी चहा पीत बसलो होतो. दोन महिने झकास. मग परत तेच. फुगा सगळीकडून सारखाच दाब देतो, त्यामुळे जिथे ऊतक कच्चं तिथे ते सुटतं आणि जुना कडक वण तसाच राहतो, असं मला समजलंय. आतडं फाटायची शक्यता थोडी, पण असतेच.

मला कंटाळा आला तो मुंबईला नेणाऱ्या देवगिरी एक्सप्रेसचा. फुग्यासाठी दर खेपेला आदल्या दिवशी नुसतं पातळ खायचं, रात्रभर संडासाजवळचा बर्थ धरायचा, पायात चप्पल घालूनच आडवं व्हायचं. चौथ्या खेपेला मनमाडला गाडी थांबलेली, दोन्ही संडासांना आतून कड्या, आणि मी टॉवेल घेऊन दारात. तिथेच ठरलं: आता काप.

सुरीचं हे तंत्र पाउचच्या रुग्णांत रुळवण्यात डॉक्टर बो शेन यांचा मोठा वाटा. तेव्हा ते अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकला होते. यात दुर्बिणीतून बारीक विजेची सुरी घालून वणावरच नेमके काप घेतात. कुठे आणि किती खोल, हे डॉक्टरांच्या हातात राहतं. फाटण्याची भीती त्यामानाने कमी, रक्तस्रावाची जास्त, आणि तो कधी कधी काही दिवसांनी होतो. परभणीला परतल्यावर झाला तर? म्हणून दहा दिवस डोंबिवलीला आत्याकडे राहिलो. चौथ्या दिवशी लाल दिसलं. थोडंच होतं, आपोआप थांबलं, पण हातपाय गार पडले होते. बाहेरून आत्या विचारतेय, "बाळा, झालं का रे?"

तेव्हापासून दीड वर्ष झालं. मुंबईला एकदाच गेलो, तेही नुसतं बघून घ्यायला. गेल्या थंडीत हुरडाही खाल्ला, भीतभीत, चावून चावून.

तरी पहिल्यांदाच आवळला असेल तर एक-दोनदा बलून करून बघायला हरकत नाही. कुणाकुणाला तेवढ्यानेही पुरतं म्हणतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा आवळलेला भाग लांबट असेल, तर कापाचा आग्रह मी धरणार नाही. बायकांनी पुढच्या भिंतीबद्दल नक्की विचारावं. योनिमार्ग तिथे लागूनच असतो, म्हणून त्या बाजूला काप टाळतात. आणि डॉक्टरांना बिनदिक्कत विचारा, पाउचवर असे काप तुम्ही किती घेतलेत? हात सराईत नसेल तर फुगाच बरा.

माझं विचाराल तर तिसऱ्या फुग्याआधीच मी कापाचं विचारायला हवं होतं. आता देवगिरीला वरचा बर्थ मागतो.