तेलदाबाच्या काट्यापायी गेलेले ४६,५०० रुपये

फेब्रुवारीत वाईहून पाचगणीला जाताना, पसरणी घाटात माझ्या १९४८ च्या विलीज सीजे-२ए जीपचा ऑइल प्रेशरचा काटा एकाएकी शून्याला टेकला. गाडी वडिलांच्या हातची. तेलाचा दाब नसताना इंजिन चालवले तर काही मिनिटांत बेअरिंग जळतात हे ठाऊक असल्यामुळे मी ती तिथेच बंद केली आणि ओढून साताऱ्याजवळच्या एका गॅरेजात नेली. एवढे मी बरोबरच केले, हे आजही ठामपणे सांगेन.

मिस्त्रीने काटा पाहिला आणि "मेन बेअरिंग गेली, क्रँक घासावा लागेल" असे सांगून टाकले. क्रँक म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, आणि तो ज्यांवर टेकून फिरतो त्या मेन बेअरिंग. पण या जीपचे मीटर विजेवर चालत नाही; इंजिनाच्या ब्लॉकमधून आलेल्या बारीक नळीतून तेलच मीटरपर्यंत पोहोचते. नळी गाळाने तुंबली, तर इंजिनात दाब पुरेसा असूनही काटा पडून राहतो. ब्लॉकवर दुसरे मीटर जोडून खात्री केल्याशिवाय कोणालाही इंजिन उघडू देऊ नका. बेअरिंग खरोखर गेली असती तर इंजिन ठोकू लागले असते. माझ्या इंजिनाचा आवाज अखेरपर्यंत स्वच्छ होता.

बेअरिंग सेट १४,२००, क्रँक ग्राइंडिंग ९,८००, ऑइल पंप ७,५०० आणि मजुरी १५,०००, असे एकूण ४६,५०० रुपये झाले. त्यांपैकी २५,००० यूपीआयने आगाऊ दिले आणि उरलेले २१,५०० त्याच्या सांगण्यावरून रोख. पक्के बिल "नंतर देतो" म्हणाला. बिल हाती पडल्याशिवाय रोख रक्कम देऊ नका.

गाडी ताब्यात घेताना त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी बेअरिंग माझ्यासमोर उलगडली. मेन बेअरिंगच्या पाच जोड्या होत्या. या इंजिनाला मेन बेअरिंग तीनच असतात, हे माझ्याकडच्या मॅन्युअलमध्ये छापलेले आहे आणि मी ते अनेकदा वाचलेले आहे. मी मोजले, विचारलेही. "जुन्या इंजिनांत फरक असतो, साहेब," असे तो म्हणाला, आणि काटा चाळिसावर स्थिर दिसत असल्यामुळे मी मान हलवली. तो क्षण आठवला की अजूनही झोप उडते. पण डोळ्यांसमोर काटा वर आलेला असताना कोणाला संशय आला असता?

दोन महिन्यांनी तेल बदलताना वाईच्या एका जाणत्या मिस्त्रीने गाडीखाली शिरून मला हाक मारली. इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या चेंबरच्या बोल्टांवर जुना रंग आणि वाळलेला चिखल जसाच्या तसा होता, जुने पॅकिंगही हललेले नव्हते. चेंबर न काढता क्रँक बाहेर येणे शक्यच नाही. नवी होती ती फक्त मीटरची तांब्याची नळी, किंमत जेमतेम ३५० रुपये.

पोलीस चौकीत तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला संबंधित अधिकारी नव्हते, दुसऱ्या खेपेला अर्ज "नीट लिहून आणा" म्हणून परत केला आणि तिसऱ्या खेपेला मला विचारण्यात आले, "गाडी चालते ना? मग फसवणूक कसली?" मी बोल्टांचे फोटो पुढे केले, ते कोणी हातातही घेतले नाहीत. हा दिवाणी वाद आहे, एवढेच ऐकवून बोळवण केली. अर्जाची पोच मागितली तर तीही मिळाली नाही. अर्ज दोन प्रतींत न्या आणि शिक्क्याशिवाय जागचे हलू नका.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. माझ्याकडे लेखी पुरावा आहे तो फक्त २५,००० रुपयांचा. त्या पाच जोड्या मात्र मी त्याच वर्तमानपत्रासह जपून ठेवल्या आहेत आणि सुनावणीला घेऊन जाणार आहे.