घरचा न्यूजग्रुप सर्व्हर (आयएनएन): दिवाळी ते दिवाळी वापरल्यावरचा अनुभव

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत परभणीच्या घरी बसवलेला सर्व्हर ह्या दिवाळीपर्यंत चालूच आहे, म्हणून आता सविस्तर लिहायला हरकत नाही. निकाल आधीच सांगतो. ज्यांच्याकडं लाइट जाते, नेट जातं, दोन्ही एकदम जातात, त्यांच्यासाठी गप्पा-चर्चेची ह्याच्याइतकी सोयीची सिस्टीम मी तरी दुसरी वापरलेली नाही. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे कदाचित तितकं पटणार नाही, पण मराठवाड्यात मे-जूनमध्ये वादळी पाऊस सुरू झाला की कसे हाल असतात ते इथं राहणाऱ्यालाच माहिती.

ज्यांना न्यूजग्रुप म्हंजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूजग्रुप म्हंजे एका विषयाच्या चर्चेची जागा, तिथला प्रत्येक संदेश म्हंजे लेख, हे लेख एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर फिरतात आणि त्या सगळ्या जाळ्याला यूजनेट म्हणतात. 1979 मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस ह्या दोन विद्यार्थ्यांनी ही कल्पना काढली, शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोव्हिननं पहिला प्रोग्राम लिहिला आणि 1980 मध्ये यूजनेट लोकांसाठी खुलं झालं. तेव्हा कायमचं कनेक्शन कुठं होतं? एक मशीन दुसऱ्याला मॉडेमनं फोन लावायचं, साठलेले लेख द्यायचं-घ्यायचं आणि फोन ठेवायचं, मधल्या वेळेत दोघंही आपापल्या घरी स्वतंत्र. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, कारण लाइन तुटणारच हे गृहीत धरून ही सिस्टीम बनलीय आणि आजकालची ॲप्स लाइन कधी तुटणारच नाही असं धरून बनवलेली असतात. पुढं 1986 मध्ये आरएफसी 977 नं (आरएफसी म्हंजे इंटरनेटच्या नियमांचा कागद) एनएनटीपी आलं, इंटरनेटवरून लेख पोचवायला, आणि त्याचीच सुधारलेली आवृत्ती आरएफसी 3977 म्हणून 2006 मध्ये आली, ती आजही चालते. लिनस टोरवाल्ड्सनं 1991 च्या ऑगस्टमध्ये लिनक्सची पहिली बातमी दिली ती पण एका न्यूजग्रुपवरच, कॉम्प डॉट ओएस डॉट मिनिक्सवर. आपल्या भाषेसाठीही सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी होता, तिथं लोक रोमन लिपीत मराठी लिहायचे.

बऱ्याच जणांना वाटतं की हे सगळं बंद पडलं. नाही पडलं. 22 फेब्रुवारी 2024 ला गुगल ग्रुप्सनं यूजनेटशी संबंध तोडला एवढंच, म्हंजे बऱ्याच जणांचा दरवाजा बंद झाला, घर तिथंच आहे. उलट त्या दरवाजातून येणारा स्पॅमचा लोंढा थांबला, त्यामुळं आज नवीन सर्व्हर चालू करणाऱ्याला मागच्यापेक्षा लई कमी त्रास आहे.

आता मशीन. मी आधी रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) घेणार होतो, पण अभ्यास केल्यावर एका जुन्या थिन क्लायंटवर (ऑफिसात वापरतात तो छोट्या डब्याचा कॉम्प्युटर) आलो, आणि कारण सांगतो कारण हे कुणी सांगत नाही. पाय 4 मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाइट जाऊन आली की त्याचं घड्याळ मागं राहिलेलं असतं आणि नेट आल्यावर ते बरोबर होतं, पण आपल्याकडं लाइट आली तरी फायबर यायला अजून दोन तास लागू शकतात, तोपर्यंत तुमचे लेख चुकीच्या तारखेनं निघणार. त्यात आयएनएन (सर्व्हरचं सॉफ्टवेअर, खाली सांगतो) एक दिवसापेक्षा पुढच्या तारखेचा लेख घेतच नाही, म्हंजे लाइट लई वेळ गेली असेल आणि घड्याळ मागं असेल तर आलेले चांगले लेखसुद्धा भविष्यातले समजून परत पाठवणार. थिन क्लायंटच्या बोर्डावर बटन सेल असतो, प्रश्नच मिटला. पंखा नाही म्हणून धूळ पण ओढत नाही, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात 43-44 अंशाला दुपारी घरात काय होतं ते माहितीच आहे, तरी हात लावून बघितला तर कोमट. आत छोटी एसएसडी टाकली, मेमरी कार्डाच्या भानगडीत पडलोच नाही कारण सर्व्हर दिवसभर बारीक-बारीक लिहीत असतो. साधारण 10 वॅट खातो, म्हंजे महिन्याला सात-साडेसात युनिट. घरच्या इन्व्हर्टरवर राउटर आणि हा, दोन्ही लावलेत.

सॉफ्टवेअरमध्ये डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि त्यावर आयएनएन. हे रिच साल्झनं लिहिलेलं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं, आणि आजही त्यावर काम चालू आहे, 2.7 ही मालिका 2022 ची. एकट्यालाच वाचायचं असेल तर लीफनोड बघा, तो तुम्ही वाचता तेवढेच ग्रुप ओढून आणतो, सेटिंग अर्ध्या तासाचं. पण मला आपले स्वतःचे ग्रुप पाहिजे होते आणि लातूरच्या मित्राच्या सर्व्हरशी जोडायचं होतं, म्हणून आयएनएन. फाइली बऱ्याच आहेत आणि पहिल्यांदा बघितलं की दडपण येतं, पण कामाच्या मोजक्याच. कुणाला लेख पाठवायचे ते न्यूजफीड्समध्ये, कुणाकडून घ्यायचे ते इनकमिंग डॉट कॉन्फमध्ये, कुणी वाचायचं-लिहायचं ते रीडर्स डॉट कॉन्फमध्ये आणि कुठला ग्रुप किती दिवस ठेवायचा ते एक्स्पायर डॉट सीटीएलमध्ये. बदल केला की आयएनएनचेक चालवायचं, ते चूक कुठं आहे ते ओळीसकट दाखवतं. लेखांच्या यादीसाठी ओव्हीएसक्यूलाइट ही पद्धत निवडली, ते 2.7 मध्येच आलं, आणि लाइट अचानक गेली तरी आजवर त्याची यादी बिघडलेली नाही. लेख मात्र मुद्दाम ट्रॅडस्पूल पद्धतीनं ठेवले, म्हंजे प्रत्येक ग्रुपचा एक फोल्डर आणि प्रत्येक लेख म्हंजे त्यातली एक साधी नंबरची फाइल. फुल फीडवाल्यांना, म्हंजे जगभरचे सगळे ग्रुप घेणाऱ्यांना, ही पद्धत परवडत नाही, घरगुती सर्व्हरला एकदम झकास.

खरी डोकेदुखी नेट लाइनची. आमच्या भागात घरगुती कनेक्शनला स्वतःचा आयपी मिळत नाही, शे-दोनशे घरं एकाच पत्त्यामागं बसवलेली असतात, त्यामुळं बाहेरचा सर्व्हर माझ्या घरात शिरूच शकत नाही. स्थिर आयपी मागितला तर कंपनीवाल्यानं बिझनेस प्लॅनचा रेट सांगितला, तो माझ्या आवाक्यातला नव्हता. मग एक छोटा भाड्याचा सर्व्हर घेतला, त्याच्यावरून वायरगार्डचा बोगदा (खासगी बंदिस्त जोडणी) घरापर्यंत ओढला, एक स्वस्त डोमेन घेतलं आणि पाथहोस्टला, म्हंजे सर्व्हरच्या नावाच्या सेटिंगला, तेच नाव दिलं. हे नाव जगात दुसऱ्या कुणाचं नसावं लागतं, कारण लेख ज्या-ज्या सर्व्हरवरून जातो त्या प्रत्येकाचं नाव त्याच्या पाथ ओळीत जोडलं जातं आणि ज्याचं नाव आधीच तिथं आहे त्याला तो लेख परत पाठवला जात नाही. बाहेरचा फीड, म्हंजे जगातल्या ग्रुपचे लेख, पाहिजे असेल तर न्यूज डॉट ॲडमिन डॉट पीअरिंग ग्रुपवर नीट माहिती देऊन विचारायचं. तिथली माणसं फार चांगली आहेत, एका परभणीच्या अनोळखी माणसाला कुणी उभं करेल का असं वाटलं होतं पण फीड मिळाला, एक पैसा न घेता. फक्त मजकुराचे ग्रुप मागा, आणि आयएनएनमध्ये लेखाची मर्यादा मुळातच 10 लाख बाइट्स असते ती तशीच राहू द्या, म्हंजे मोठाल्या बायनरी फाइली दारातूनच परत जातात. माझा सगळा साठा अजून 10 जीबीच्या आत आहे.

जूनमधली एक रात्र सांगतो म्हंजे मुद्दा कळेल. मिरगाचा पाऊस, तारा तुटल्या, आमची लाइट संध्याकाळी गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, इन्व्हर्टर रात्रीच संपलेला. फायबर त्याच्यापण नंतर. लातूरला लाइट होती, तिकडचे लोक लिहीत होते, त्यांच्या सर्व्हरच्या इनफीडनं (आयएनएनमधला लेख पाठवणारा प्रोग्राम) माझ्यासाठीचे लेख बॅकलॉगला, म्हंजे रांगेत, लावून ठेवले. लाइन जोडली गेल्या-गेल्या मी लॉग उघडून बसलो. तिकडून एक-एक लेखाचा आयडी घेऊन चेक येतंय, हा पाहिजे का, इकडून 238 जातंय म्हंजे पाठव, जो आधीच दुसऱ्या पीअरकडून (जोडलेल्या सर्व्हरकडून) आलेला त्याला 438 म्हंजे नको, आणि थोड्या वेळात सगळं शांत, दोन्हीकडं सारखं. एक लेख हरवला नाही, एक डबल आला नाही, आणि मी काहीच केलं नव्हतं. एवढं लक्षात ठेवा की आर्टकटऑफ हे सेटिंग मुळात 10 दिवसांचं असतं, त्याहून जुना लेख आयएनएन घेत नाही, तेव्हा महिनाभर गावाला जाणार असाल तर तो वाढवून ठेवा.

आमचे स्वतःचे ग्रुप मव ह्या नावाखाली आहेत, मव डॉट शेती, मव डॉट पाणी, मव डॉट पुस्तकं, मव डॉट नोकरी वगैरे. नावं इंग्रजी अक्षरांतच ठेवावी लागली, आरएफसी 5536 मध्ये तसंच आहे. हे ग्रुप बाहेर जात नाहीत, परभणी आणि लातूर एवढेच फिरतात, आणि एक्स्पायरमध्ये त्यांना कधीच न पुसण्याचं सेटिंग आहे. सगळ्यात जास्त चालतो शेतीचा. जूनमध्ये सेलूच्या मामांनी विचारलं होतं की हलक्या रानात तूर कोणती लावू, बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन 711 का बीएसएमआर 736. त्यावर लई चर्चा झाली, कुणी म्हणलं 711 लवकर येती, पाऊस लवकर उघडला तर तीच सापडती, कुणी म्हणलं भारी रान असेल तर 736. मग सगळे पेरणीत गुंतले. सप्टेंबरमध्ये मामांचा फोन, "भाचे, त्या तुरीच्या टायमाला फवारणीचं कोण काय म्हणलं होतं, सापडंल का रे?" "मामा, कॉम्प्युटरवर तुमचाच प्रश्न उघडा, त्याच्या खालीच आहे सगळं." आणि होतंच. त्यांनी तिथंच खाली पिकाची हालत लिहिली, ज्यांनी जूनमध्ये सल्ला दिला होता त्यांनी परत उत्तरं दिली, तीन महिन्यांची चर्चा एका झाडासारखी एका जागी. व्हॉट्सॲपवर हेच सल्ले गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडले गेले असते आणि फोन बदलला की संपलं.

देवनागरीबद्दल थोडं, कारण हे मला शोधूनही कुठं मिळालं नव्हतं. आयएनएनला मराठीचं काही वावडं नाही, मजकूर जसाच्या तसा ठेवतो. थंडरबर्डमध्ये (मेल आणि न्यूजग्रुप वाचायचा प्रोग्राम) यूटीएफ-8 असेल तर वाचन-लेखन दोन्ही सुरळीत. टर्मिनलवाले टिन आणि एसएलआरएन हे न्यूजरीडर मला आवडतात, वेगाला तोड नाही, पण बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या इकडं-तिकडं जातात, सलग मराठी वाचायला डोळे दुखतात. दुसरं म्हंजे फाइलींमध्ये ग्रेप (शब्द शोधायची कमांड) मारून शोधायचं तर मजकुरातला मराठी शब्द सापडतो पण विषयातला सापडत नाही, कारण विषयाची ओळ एन्कोड होऊन, म्हंजे इंग्रजी अक्षरांच्या कोडमध्ये, येते. मी एक छोटी पायथन स्क्रिप्ट केलीय, ती रात्री सगळे विषय उलगडून एका साध्या फाइलीत लिहिते, त्यात शोधायचं.

कमी काय आहे ते पण सांगितलं पाहिजे. मोबाइल. आपल्याकडं दहातल्या नऊ जणांकडं फक्त मोबाइल असतो आणि त्यावरचे न्यूजरीडर मला एकही धड वाटला नाही, बहुतेक जुने पडलेत. त्यासाठी रॉकसॉलिड लाइट हे वेब इंटरफेस बसवून दिलं, ब्राउझरमधून चालतं, पण मग लाइट गेली की वाचणं बंद, म्हंजे ह्या सिस्टीमचा अर्धा फायदा तिथं जातो. फोटो नाही. पिकावरच्या रोगाचा फोटो टाकायचाय असं रोज कुणीतरी म्हणतं आणि ते खरंच गरजेचं आहे, सध्या फोटो दुसरीकडं ठेवून लिंक देतो. लिहिलेलं मागं घेता येत नाही असंच समजा, रद्द करायचा संदेश असतो पण समोरचा सर्व्हर तो मानेलच असं नाही, म्हणून नवीन माणसाला पासवर्ड देतानाच हे समजावून सांगतो, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, की आबा, फोन नंबर नका टाकू इथं.

देखभालीला वेळ फार जात नाही. न्यूज डॉट डेली रात्री चालतं, जुने लेख साफ करतं आणि सकाळी मेलवर रिपोर्ट टाकतं, कोणत्या पीअरकडून किती घेतले, किती नाकारले, डिस्क किती उरली. चहा पितापिता तो वाचायचा. स्पॅमसाठी क्लीनफीड लावलंय. बाहेरून लॉगिन 563 पोर्टवर टीएलएसनंच (कुलूपबंद जोडणीनं) ठेवा, साधं 119 फक्त घरातल्या नेटवर्कला, आणि लेखांच्या फोल्डरची कॉपी दुसऱ्या डिस्कवर रोज रात्री आरसिंकनं जाते.

ज्याला टर्मिनलची भीती वाटत नाही आणि ज्याच्याकडं बोलायला निदान पाच-सहा माणसं आहेत त्यानं नक्की बसवावा. एकट्यासाठी मी एवढं सांगणार नाही, लीफनोड पुरे. आमच्याकडं आता नांदेडचा एक मास्तर मित्र तिसरा सर्व्हर लावायलाय, त्याचं मशीन आलंय, त्याच्यासाठी न्यूजफीड्समध्ये ओळ टाकून ठेवलीय, आणि पाथहोस्टचं नाव ठरलं की मव चे जुने लेख सगळे त्याच्याकडं ढकलायचेत. ते 10 दिवसांच्या वरचे आहेत म्हणून तेवढ्यापुरता त्याला आर्टकटऑफ शून्य करायला सांगितलंय, शून्य म्हंजे मर्यादाच नाही.