रजेच्या तासाला अभ्यासाची कार्यशाळा: दोन सेमिस्टरनंतरचा अनुभव

पुण्यातल्या एका कॉलेजात मी एफ.वाय. आणि एस.वाय. बी.ए.ला अर्थशास्त्र शिकवते. आमच्याकडे गेल्या वर्षी एक सोय सुरू झाली. शिक्षक रजेवर किंवा ड्युटीवर असेल तर तास ऑफ द्यायचा नाही, त्या वेळेत वर्गाला अभ्यासकौशल्यांची कार्यशाळा द्यायची. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत ही पद्धत रुळलेली आहे. ‘तास रद्द करू नका’ अशा अर्थाच्या नावाने तिथली विद्यार्थी साहाय्य केंद्रं ती चालवतात. शिक्षकाने आधी फॉर्म भरून विषय निवडायचा, मग केंद्रातलं कुणीतरी येऊन तास घेतं. आमचंही तसंच. गुगल फॉर्म भरायचा आणि हे काम बघणाऱ्या कॉलेजच्या कक्षातल्या समुपदेशक मॅडम किंवा एक निवृत्त प्राध्यापक वर्गावर जातात.

सुरुवातीलाच सांगते, मला ही सोय मनापासून आवडली आहे. कॅपमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या मूल्यांकन केंद्रात, पेपर तपासणी, दुसऱ्या कॉलेजात एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) म्हणून ड्युटी, रिफ्रेशर कोर्स, निवडणुकीचं काम, एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर; आमचे तास या ना त्या कारणाने बुडतातच. पूर्वी अशा वेळी अ‍ॅडजस्टमेंट म्हणून जो मोकळा सापडेल तो वर्गावर जायचा, हजेरी घ्यायचा, आणि मुलं मोबाइल काढून बसायची. वाघोलीहून पीएमपीच्या दोन बस बदलून आलेल्या मुलीला वर्गाच्या दारात कळायचं की आज ऑफ आहे. त्या मुलीसाठी तरी तो तास भरलेला असायलाच हवा.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ‘आठवून लिहिणे’ या कार्यशाळेचा. त्या दिवशी माझी ड्युटी लवकर संपली म्हणून मी जाऊन मागच्या बाकावर बसले. तास घेणाऱ्या निवृत्त सरांनी वह्या मिटायला लावल्या, प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि म्हणाले, “मागच्या तासाला मॅडमनी जे शिकवलं ते आठवेल तसं लिहा. दहा मिनिटं.” विषय होता मागणी. वर्गात कुजबुज, मग शांतता. माझ्या शेजारच्या मुलाने डावीकडून उजवीकडे उतरणारा वक्र झटकन काढला, अक्षांना नावं दिली आणि पेन थांबलं. बराच वेळ तो त्या रेषेकडे बघत होता. दहा मिनिटांनी वह्या उघडून, राहिलेलं लाल पेनाने भरायचं होतं. त्याचा कागद लालच लाल झाला.

मग सरांनी यामागचं संशोधन सांगितलं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून नंतर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. गाइड चार वेळा वाचूनही पेपरात काही आठवत नाही, अशी तक्रार आमची मुलं कायम करतात. त्यांना हे ऐकून खरोखर धक्का बसला. एकीने विचारलं, “सर, मग अधोरेखित करायचंच नाही का?” सर म्हणाले, “कर की. पण तेवढ्यावर अभ्यास झाला असं धरू नकोस.”

ते कागद सरांनी माझ्याकडे दिले, आणि माझ्या दृष्टीने खरा फायदा तिथे होता. निम्म्याहून अधिक कागदांवर मागणीचा विस्तार आणि मागणीतली वाढ यांची सरमिसळ होती. किंमत उतरली की आपण त्याच वक्रावर खाली सरकतो आणि उत्पन्न वाढलं की अख्खा वक्र उजवीकडे जातो, हा फरक मी फळ्यावर नीट दाखवला होता. मुलांनी माना डोलावल्या होत्या. कागद सांगत होते की पोचलेलं नाही. पुढचा तास मी तिथूनच सुरू केला. एरवी ही गडबड मला थेट इंटर्नलच्या पेपरात दिसली असती.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्ती अर्जाची कार्यशाळाही चांगली झाली. बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, हे मुलांनी त्याच तासात मोबाइलवर तपासून पाहिलं. ताणतणावाच्या सत्रात मॅडमनी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर फळ्यावर लिहिला आणि बऱ्याच जणांनी तो उतरवून घेतला.

वेळेच्या नियोजनाचं सत्र मात्र मला अजिबात पटलं नाही. तयार स्लाइड्स, त्याही इंग्रजीत, आणि पहाटे उठून अभ्यास करण्याचा सल्ला. माझ्या वर्गात जालना, धाराशिवकडून आलेली मुलं आहेत. कुणी ‘कमवा आणि शिका’त काम करतं, कुणी रात्री अकरापर्यंत मेडिकलच्या दुकानात उभं असतं. त्यांच्या हातात मोकळा असा वेळ कोणता, हे आधी त्यांनाच विचारायला हवं होतं. मी तसं कक्षाला लेखी कळवलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. पुढच्या खेपेला मुलांकडूनच आठवड्याचा तक्ता भरून घेतला. दुसरी अडचण म्हणजे एकाच वर्गाला दोन शिक्षकांकडून तीच कार्यशाळा मिळते. कुठल्या वर्गाचं काय झालंय हे फॉर्ममध्येच दिसायला हवं.

एका गोष्टीबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. ही सोय एखाद-दुसऱ्या दिवसाच्या रजेसाठी आहे. आमच्याकडे एका विषयाची जागा रिकामी होती, सीएचबीवरची (तासिका तत्त्वावरची) नेमणूकही लांबली, आणि त्या तासांना एकामागून एक कार्यशाळा लावल्या गेल्या. मुलं मला व्हरांड्यात गाठून विचारायची, “मॅडम, आमचा पोर्शन कधी सुरू होणार?” त्यांचं बरोबर होतं. नोट्स कशा काढाव्यात हे तीनदा शिकवून झालं, पण नोट्स काढायला विषय शिकवणारं कुणी नव्हतं. रिकाम्या पदावर कार्यशाळा लावणं हा मुलांवर अन्याय आहे, आणि टाइमटेबल भरलेलं दिसतं म्हणून तो अन्याय वर कुणाला दिसतही नाही. कक्षाने अशा मागण्या सरळ नाकाराव्यात.

तुमच्या कॉलेजात ही सोय असेल तर जरूर वापरा. चार-पाच दिवस आधी फॉर्म भरा, आणि तुमचं कुठलं प्रकरण चालू आहे ते त्यात लिहा. आमच्या सरांना नुसतं ‘मागणी’ एवढं कळवलं होतं, तेवढ्यावर त्यांनी अख्खा तास माझ्या विषयाशी जोडला. वर्गाला आदल्या तासाला स्वतः सांगून ठेवा की आल्यावर मी कागद बघणार आहे. ज्या वर्गाला मी हे सांगितलं तिथे उपस्थिती रोजच्यासारखी राहिली. दिवसाचा शेवटचा तास असेल तर कार्यशाळा मागू नका. मुलं बस पकडायला निघून जातात. बुडलेला पोर्शन मात्र आपल्यालाच जादा तास घेऊन भरून काढावा लागतो. मी ते शनिवारी सकाळी घेते.